ज्याची हंडी, त्याचं मत

ॲशकोम, सॉमरसेट
९ फेब्रुवारी १७६८

ती. सौ. लव्हिनियाताईस,
थिओचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भावोजींच्या पायाची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. आता त्यांना पोर्ट वाइनची बाटली दिसेल अशा जागी ठेवू नकोस, म्हणजे ती पुन्हा चढायची नाही. इकडे बर्फ अजून वितळलेलं नाही, आणि परवा माझ्या दारात त्याहूनही गार काहीतरी आलं. माझे यजमान, अर्लसाहेब, स्वतः आले.

मी वेक्सकोम पार्क सोडल्याला दोन वर्षं झाली, त्यानंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर. (मी सोडलं असं आपलं म्हणायचं. त्यांच्या इटालियन गायिकेला माझ्या खोलीतला उजेड आवडला, एवढंच.) माझ्या घरासमोर बग्गी उभी दिसू नये म्हणून त्यांनी ती कोपऱ्यावर थांबवली आणि चिखलातून चालत आले. त्यामुळे सगळ्या गल्लीला त्यांना सावकाश बघता आलं. आत येऊन माझ्या दोन खुर्च्या पाहिल्या आणि बाकीचं घर कुठे आहे असं विचारलं. हेच ते, असं सांगितल्यावर बसले.

काम निवडणुकीचं होतं. मार्चमध्ये पार्लमेंटची निवडणूक आहे. ॲशकोमची जागा त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून वेक्सकोम घराण्याच्या खिशात. अर्ल स्वतः वरच्या सभागृहात बसतात, म्हणून खालच्या सभागृहासाठी दर वेळी कुणीतरी भाचा-पुतण्या शोधावा लागतो. या वेळी पेरेग्रिन आहे, तोच तो, ज्याला आपण लग्नात कारंज्यातून बाहेर काढलं होतं. पण समोर कापडाचे व्यापारी बॅसिंगर उभे आहेत, आणि गावाचा कल त्यांच्याकडे झुकतोय.

आमच्या गावची रीत तुला ठाऊक नसेल. इथे मताला जमीन लागत नाही. ज्याच्या स्वतःच्या चुलीवर स्वतःची हंडी उकळते, आणि जो दुसऱ्याच्या दानावर जेवत नाही, त्याला मत. मत पुरुषाचं, पण हंडी उकळते बायकोच्या हाताने. आणि गावातल्या बायका म्हणताहेत, की ज्या अर्लला स्वतःच्या बायकोला स्वतःच्या चुलीपाशी ठेवता आलं नाही, त्याच्या भाच्याला आमच्या हंडीचं मत कशाला?

तेव्हा आता मी अर्लसाहेबांच्या हातात हात घालून, हसत, गावभर हिंडायचं आहे. बदल्यात मी काय मागितलं ते तू ओळखलंच असशील. जागा मिळाली की सेलिना माझ्याकडे येईल. कायद्याने मूल बापाचं, म्हणून आठ वर्षांची पोर नॉर्थम्बरलंडला त्यांच्या ड्रुसिलाआत्याकडे. दर तीन महिन्यांनी तिचं मला एक पत्र येतं: पूज्य आईस, माझी प्रकृती उत्तम आहे, फ्रेंच समाधानकारक आहे. अक्षर तिचं, वाक्यं आत्याबाईंची. ते पत्र मी शोधून शोधून वाचते, कुठे एखादी चूक तरी तिची स्वतःची सापडते का म्हणून.

अर्लसाहेबांनी माझ्या हातावर हात ठेवून वचन दिलंय. मी हिंडणार आहे.

कळावे. एवढ्या थंडीत तुझा लोभ तेवढा गोठू देऊ नकोस.

तुझी,
थिओ


लिडबरी
१७ फेब्रुवारी १७६८

चि. सौ. थिओस,
अ. उ. आ.

पत्र वाचून मी हसले, मग रडले, मग ह्यांना वाचून दाखवलं. हे फक्त हसले. चर्चचे डीन झाल्यापासून ह्यांना लोकांच्या अडचणी फार गमतीच्या वाटतात.

तू हिंड, जरूर हिंड. काउंटेस ऑफ वेक्सकोम कसायाच्या तान्ह्या पोराचा मुका घेतेय, हे बघायला मीही आले असते. पण थिओ, वचन लिहून घे. हातावर हात ठेवून त्यांनी लग्नाची शपथही आपल्या चर्चमध्ये, ह्यांच्यासमोर, दोनशे माणसांच्या देखत घेतली होती, आणि तिचं काय झालं ते तू त्या दोन खुर्च्यांवर बसून रोज बघतेसच.

दुसरं असं, की तुझ्या सूपवाटपाचं माझ्या कानावर आलंय. ह्यांच्या हाताखालचे आर्चडीकन सांगत होते, की बर्फ पडल्यापासून तुझ्या स्वयंपाकघरातून चाळीसेक घरांना दुपारचं सूप जातं. पुण्य आहे, मान्य. पण अर्ल तुला जे पाठवतात त्यात तुझं एकटीचं भागत नाही, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्यांना खाऊ घालता घालता तूच कुणाच्या तरी दारात उभी राहशील. सोबत लोकरी मोजे पाठवते आहे. ते तरी वाटून टाकू नकोस.

आशीर्वाद नेहमीचेच, काळजी थोडी जास्तीची.

तुझी ताई,
लव्हिनिया


ॲशकोम
१५ मार्च १७६८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मोजे घातलेत. वचन मात्र लिहून मिळालं नाही. अर्लसाहेब म्हणाले, सभ्य माणसाच्या शब्दाखाली सही मागणं म्हणजे त्याचा अपमान. मी अपमान केला नाही. आता तू चिडशील, ते गृहीत धरून पुढचं सांगते.

आम्ही सगळं गाव पालथं घातलं. अर्लसाहेबांचा हात माझ्या हातात एखाद्या मेलेल्या बदकासारखा लटकत होता, पण लांबून छान दिसत असणार. मागून पेरेग्रिन, सगळ्यांना एकच प्रश्न विचारत: काय, कसं काय, पीक कसं आहे? न्हाव्यालासुद्धा पीक कसं आहे. न्हावी म्हणाला, पीक जोरात आहे हुजूर, टोपी काढा, दाखवतो.

सगळ्यांत अवघड दार मिसेस गॉलपचं. ती मोच्याची बायको आहे, आणि आमच्या गल्लीत तिचं मत कळल्याशिवाय कुणाच्या नवऱ्याला स्वतःचं मत सापडत नाही. तिने आम्हाला उंबऱ्यावरच उभं केलं. पेरेग्रिनकडे ढुंकून पाहिलं नाही. अर्लसाहेबांना म्हणाली, हुजूर, बाईसाहेब परत आल्या म्हणे, मग लेक पण येत असेल. तिला खायला काय आवडतं? मी करून ठेवते. अर्लसाहेब जरा घुटमळले आणि म्हणाले, मी चौकशी करायला सांगतो. ताई, गल्लीत एकच हशा पिकला. मी मध्ये पडून म्हटलं की तिला भाजलेलं सफरचंद आवडतं, म्हणजे सहाव्या वर्षी तरी आवडायचं. मिसेस गॉलपने माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, पोर घरी येणार असेल तर मोची मत देईल. त्याच्याशी मी बोलून घेते.

तेव्हापासून वारं फिरलं. मतदानाच्या आदल्या दिवशीची रीत तर तू बघायलाच हवी होतीस. प्रत्येक मतदार आपली चूल रस्त्यावर मांडतो, आणि सगळ्या गावासमोर आपली हंडी उकळून जेवतो, म्हणजे उद्या कुणी शंका घ्यायला नको. ज्या नवऱ्यांनी जन्मात चुलीत लाकूड सारलं नाही ते रविवारची टोपी घालून पळीने ढवळत उभे, आणि बायका मागून कुजबुजताहेत, अहो उलटं नको, उतू जाईल.

सध्या मतं पडताहेत. एकेक जण मंचावर चढून मोठ्याने नाव सांगतो. आणखी काही दिवस चालेल, पण आपण पुढे आहोत. मी सेलिनासाठी माडीवरची खोली झाडून घेतली.

कळावे. माझ्या मूर्खपणासकट माझ्यावर लोभ ठेव.

तुझी,
थिओ


वेक्सकोम पार्क
१९ मार्च १७६८

सौ. काउंटेस ऑफ वेक्सकोम यांस,
स. न. वि. वि.

मतांची आघाडी समाधानकारक आहे. बॅसिंगर यांचे लोक घरी जाऊ लागले आहेत. याचे काही श्रेय आपल्या हिंडण्यास आहे, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो.

आपण झाडून घेतलेल्या खोलीविषयी कानावर आले. त्या बाबतीत माझ्या वकिलांशी बोलणे झाले. त्यांनी दाखवून दिले की कायद्याच्या नजरेत पती व पत्नी या दोन व्यक्ती नसतात. पत्नी पतीत सामावलेली असते. तेव्हा मी आपल्याला वचन दिले म्हणजे मी ते स्वतःलाच दिले, आणि स्वतःला दिलेल्या वचनातून मी स्वतःला मोकळे करू शकतो. तसे मी केले आहे. यात वैयक्तिक काही नाही. मुलीचे फ्रेंच चांगले चालले आहे, ते मध्येच सोडवणे योग्य नव्हे.

शेवटच्या दिवशी मंचावरून मला चार शब्द बोलावे लागतील. माझे भाषण तयार आहे, परंतु पेरेग्रिन म्हणतो की त्यात शिकारी कुत्र्यांविषयी मजकूर जास्त झाला आहे. गावाला आवडेल असे काही आपण लिहून पाठवावे. आपल्याला या लोकांची भाषा समजते.

लोभ असावा असे लिहिण्याची रीत आहे.

वेक्सकोम


ॲशकोम
२० मार्च १७६८

श्री. अर्लसाहेबांस,
सा. न. वि. वि.

कायदा समजावून सांगितल्याबद्दल आभारी आहे. दोन वर्षं मी स्वतःला वेगळी व्यक्ती समजत होते, हा माझा गैरसमज झाला.

भाषण सोबत जोडलंय. त्यात मुख्य गोष्ट यंदाच्या हिवाळ्यातल्या सूपाची आहे. चाळीसेक घरांत ते रोज गेलं. ते माझ्या हातून गेलं अशी गावाची समजूत आहे, पण पत्नीचं जे काही ते पतीचं, तेव्हा हंडा आपला आणि सूपही आपलंच. आपण ते आपल्या नावे, मोठ्याने सांगावं. कोणकोणत्या घरांना अन्न मिळालं त्यांची नावं घेतलीत तर लोकांना जास्तच भिडेल. गल्लीच्या क्रमाने नावं दिली आहेत.

कुत्र्यांचा मजकूर काढून टाकलाय, त्याबद्दल क्षमा असावी.

आपल्यातच सामावलेली,
थिओडोसिया


लिडबरी
२ एप्रिल १७६८

चि. सौ. थिओस,
अ. आ.

बातमी इथे तुझ्या पत्राच्या आधी पोचली. आर्चडीकनच्या पुतण्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं. म्हणे अर्लनी छातीवर हात ठेवून सांगितलं, की या हिवाळ्यात गॉलप, बज, टकर, अमुक, तमुक, या सगळ्यांची पोटं माझ्या हंड्याने भरली. लोक टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यात बॅसिंगरांचा लंडनचा वकील उठला, त्याने टोपी काढून अर्लचे मनापासून आभार मानले, आणि निवडणूक चालवणाऱ्या मेयरना म्हणाला की हुजुरांनी आत्ताच आपल्या तोंडाने सांगितलं, ही सगळी घरं दानावर जेवली. तेव्हा त्यांची मतं कापा. मेयरनी कापली. बॅसिंगर निवडून आले.

हे तीन दिवस खोकताहेत, इतके हसलेत. ह्यांचं म्हणणं, न्याय बघ कसा आहे. पंधरा दिवस ज्यांनी अर्लची फुकट दारू प्यायली ते स्वाभिमानी मतदार राहिले, कारण निवडणुकीतली दारू म्हणजे पाहुणचार. आणि ज्यांच्या पोरांनी वाटीभर सूप प्यायलं ते भिकारी ठरले.

मी मात्र हसले नाही. थिओ, तू हे मुद्दाम केलंस. तुझ्या अक्षरातलं ते भाषण मी न वाचता ओळखते. आणि तुला यातून मिळालं काय? जिंकला असता तर तुझा नवरा कदाचित लाजला तरी असता. आता सेलिना आणखी दूर गेली.

कळावे. रागाने लिहिलं असलं तरी आशीर्वाद वजा करायची पद्धत नाही आपल्यात.

लव्हिनिया


ॲशकोम
९ एप्रिल १७६८

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

होय, मुद्दाम केलं. आणि एक रात्र मी अशी झोपले, जशी लग्नाआधी झोपायची.

सकाळी मिसेस गॉलप आली. बसली नाही. म्हणाली, बाईसाहेब, तुम्हाला तुमच्या नवऱ्याचं नाक कापायचं होतं, कापा की. मी सुरी आणून दिली असती. पण त्यासाठी माझी हंडी का वापरलीत? तिचा नवरा तेव्हापासून मागच्या गल्लीने ये-जा करतो. बजला खानावळीत कुणीतरी विचारलं, आज कुणाच्या दाराशी जेवलास? बज, ज्याने आयुष्यात कधी पडलेलं सफरचंदसुद्धा विचारल्याशिवाय उचललं नाही. मी मान खाली घालून म्हटलं, की मला एवढा विचार सुचला नाही, माझ्या दानाचा असा उपयोग करायला नको होता.

त्यावर ती जी भडकली! दान? कुठलं दान? बाईसाहेब, तुमच्या त्या हंड्यात सलगम कुणाचे होते? माझे. सातू टकरचा. हाडं कसायाकडची, आणि ती त्याच्या बायकोने माझ्या नवऱ्याकडून बूट सांधून घेतले त्याबद्दल दिलेली. लाकूडफाटा बजचा. सकाळची लापशी प्रत्येकीने आपापल्या चुलीवर केली. पण त्या बर्फात दुपारी पुन्हा चाळीस चुली पेटवायला सरपण कुठलं? तुमच्याकडे मोठा हंडा होता आणि तुमच्या स्वयंपाकिणीला, मार्थाला, वेळ होता, म्हणून आम्ही ठरवलं की एकत्र शिजवू. तुमच्याकडून काय गेलं ते आधी विचारून या.

मी स्वयंपाकघरात गेले. मार्था लाल झाली. खूप आढेवेढे घेऊन म्हणाली, की नाताळानंतर घरात चहा आणि मेणबत्त्या सोडून काही उरलं नव्हतं, पण बाईसाहेबांना सांगायची लाज वाटली. मीठ मात्र आपलं होतं. तेही ती कधी कधी विसरायची.

ताई, सगळा हिवाळा मी खिडकीशी उभी राहून वाट्या घेऊन जाणाऱ्या पोरांकडे प्रेमळपणे मान हलवत होते. आणि मग आत जाऊन त्याच हंड्यातलं दोन वेळा जेवत होते. सबंध ॲशकोममध्ये दुसऱ्याच्या दानावर जगलेलं माणूस एकच होतं, आणि त्याच्या पायांत तू पाठवलेले मोजे होते.

मिसेस गॉलपची मी माफी मागितली. ती म्हणाली, माफी राहू द्या, आमची नावं परत आणा. कशी आणू ते मला अजून कळलेलं नाही.

माझ्यावर लोभ असू दे. सध्या तो मलाही दानच वाटेल.

थिओ


वेक्सकोम पार्क
३ ऑक्टोबर १७६८

सौ. काउंटेस ऑफ वेक्सकोम यांस,
स. न. वि. वि.

पेरेग्रिनने निकालाविरुद्ध पार्लमेंटकडे दाद मागितली आहे. सुनावणी पुढील महिन्यात होईल. कापलेली मते परत धरली गेली तर जागा आपली आहे.

आमच्या वकिलांनी सुचवले होते की सूप मुळात झालेच नव्हते, असे आपण सांगावे. परंतु त्यांना गावातून कळले की सूप झाले, मात्र त्यातील जिन्नस ज्याचे त्याने आणले होते. असे असल्यास ते दान ठरत नाही. हे ठामपणे सांगू शकेल अशी, आणि जिच्या शब्दापुढे सभागृह गप्प बसेल अशी व्यक्ती एकच, म्हणजे आपण.

आपणही त्याच हंड्यातून जेवत होता, हा उल्लेख टाळता यावा. एका अर्लची पत्नी मोच्याच्या सलगमांवर जगली हे ऐकायला बरे दिसणार नाही.

आपण हे कराल असे मी गृहीत धरतो.

वेक्सकोम


ॲशकोम
५ ऑक्टोबर १७६८

श्री. अर्लसाहेबांस,
सा. न. वि. वि.

साक्ष देईन. मलाही ती द्यायची आहे, कारण ज्यांची नावं कापली गेली ते माझे शेजारी आहेत.

पण एक अडचण आहे. मी आपल्यात सामावलेली असल्यामुळे मला स्वतःचं असं काही आठवत नाही. सेलिना जवळ असली तर आठवेल असं वाटतं. वचन मागत नाही, त्याचा उपयोग आपणच मला समजावलात. मुलगी मागते. ज्या दिवशी ती माझ्या दोनपैकी एका खुर्चीवर बसलेली असेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लंडनची गाडी धरीन.

आणि जे सांगेन ते सगळं सांगेन. सलगमांसकट. माझं जेवण गाळलं, तर दान नेमकं कोणी कोणाला केलं हे सभागृहाला कसं कळणार? जागा हवी की अब्रू, हे आपण ठरवावं. दोन्ही माझ्याकडे मिळणार नाही.

थिओडोसिया


लिडबरी
१ डिसेंबर १७६८

चि. सौ. थिओस,
अनेक आशीर्वाद, आणि या वेळी त्यांत थोडा अभिमानही.

त्यांनी जागा निवडली! सेलिना आली, तू साक्ष दिलीस, मतं परत धरली गेली, आणि पेरेग्रिन आता पार्लमेंटात बसून सगळ्यांना पीक कसं आहे विचारतोय. सभागृहातलं तुझं बोलणं आमच्याकडे तीन वेगवेगळ्या तोंडांतून आलं, पण एका गोष्टीवर तिन्ही जुळतात. तुला विचारलं की त्या हंड्यात आपण काय घातलंत, तर तू म्हणालीस, मी खायचं काम केलं. मग कुणीतरी ओरडलं, की मग दानावर जगलं कोण? तू म्हणालीस, मी, साहेब. पण मला मत नाही, त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही.

ह्यांनी ते रविवारच्या प्रवचनात घालायचं ठरवलं होतं. मी बायबलची शपथ घालून थांबवलं. आधीच लंडनच्या दुकानांच्या खिडक्यांत तुझी व्यंगचित्रं लागली आहेत म्हणतात: काउंटेस मुकुट घालून मोच्याच्या दारात वाटी पुढे करतेय, आणि खाली लिहिलंय, सलगमाची काउंटेस. मी इथे जिवाचं रान करतेय. जेवणाच्या टेबलावर तुझं नाव निघालं की मी लगेच हवापाण्याच्या गप्पांवर जाते. आर्चडीकनच्या बायकोला तर मी सरळ सांगितलं, की ती थिओ वेगळी.

पण मला मुख्य भीती दुसरीच आहे. कायदा जिथे होता तिथेच आहे. अर्लना हवं ते मिळालं, आता उद्या बग्गी पाठवून त्यांनी मुलगी उचलून नेली, तर तुला कोण वाचवणार?

कळावे. लगेच उत्तर पाठव, मला झोप नाही.

लव्हिनिया


वेक्सकोम पार्क
१४ डिसेंबर १७६८

सौ. काउंटेस ऑफ वेक्सकोम यांस,
स. न. वि. वि.

मुलीला नाताळापूर्वी नॉर्थम्बरलंडला परत पाठवण्याची मी व्यवस्था केली होती. बग्गीही तयार होती. परंतु ड्रुसिलाआत्यांचे पत्र आले. त्या मुलीला घरात घेण्यास नकार देतात. त्यांच्या मते, सबंध देशात जिच्या आईची वाटी घेतलेली चित्रे विकली जात आहेत, त्या मुलीसोबत शेजारची चांगली घराणी आपल्या मुलींना नाचू देणार नाहीत. शिवाय मुलगी स्वतः त्या टेबलावर जेवली आहे काय, अशी त्यांनी विचारणा केली. मला होय असे कळवावे लागले.

वेक्सकोम पार्कमध्ये तिला ठेवणे शक्य नाही. काल येथे भोजनास आलेल्या एका ड्यूकने सूप वाढले जाताच माझ्याकडे पाहून चमचा खाली ठेवला व जिन्नस कुणाचे असे विचारले.

सबब, हा विषय लोकांच्या तोंडी आहे तोवर मुलीने आपल्याकडेच राहावे. लोक विसरले की मी तिला बोलावून घेईन. लोक अशा गोष्टी लवकर विसरतात, असा माझा अनुभव आहे.

तोवर लोभ असो वा नसो, मौन असावे.

वेक्सकोम


ॲशकोम
२२ डिसेंबर १७६८

ती. सौ. ताईस,
थिओचा आणि सेलिनाचा सा. न. वि. वि.

तुझी झोप उडवल्याबद्दल क्षमा कर. अर्लसाहेबांच्या पत्राची नक्कल सोबत पाठवते. भावोजींना दाखव, पण ते खोकत नसतील तेव्हा.

सेलिना आली तेव्हा तिने मला दारातच वाकून नमस्कार केला आणि मॅडम म्हणाली. नमस्कार इतका अचूक होता की मला रडू आलं. पहिल्या दिवशी तिने विचारलं, आपल्याकडे नोकर कुठे बसतात? मी म्हटलं, उरलेल्या खुर्चीवर. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मिसेस गॉलपच्या पोरींनी तिला चिडवलं, की तुला हंडी घासता येते का? हिने रागारागाने घासून दाखवली आणि त्यांना फ्रेंचमध्ये शिव्या दिल्या. म्हणजे त्या शिव्या आहेत असं पोरींना वाटलं. प्रत्यक्षात ती ऋतूंची नावं म्हणत होती, आत्याबाईंनी एवढंच शिकवलंय. आता गल्लीतल्या सगळ्या पोरी भांडताना ऋतूंची नावं घेतात. काल रात्री अंथरुणात तिने माझ्या दंडावर डोकं ठेवलं आणि विचारलं, की तुला आई म्हटलं तर चालतं का, की तेही शिष्टाचाराविरुद्ध आहे.

गॉलप पुन्हा मोठ्या रस्त्याने चालतो. मिसेस गॉलपने मला अजून पुरतं माफ केलेलं नाही, पण सेलिनाला रोज जेवायला बोलावते, आणि मला सांगते, तुम्ही नका येऊ बाईसाहेब, तुम्ही आलात की पार्लमेंटात कळतं.

आता महत्त्वाचं. अर्लसाहेबांचं शेवटचं वाक्य पुन्हा वाच. लोक विसरले की नेणार. आणि ताई, तू तिकडे जिवाचं रान करून लोकांना विसरायला लावते आहेस!

तर माझी कळकळीची विनंती अशी. हवेचा विषय बंद कर. भावोजींना प्रवचन देऊ दे, आणि नाताळाच्या गर्दीत दे. आर्चडीकनच्या बायकोला आजच बोलावून सांग, की ती थिओ तीच, सख्खी बहीण. जेवणाला नवे पाहुणे आले की सलगम वाढ, आणि कुणी कारण विचारलं नाही तर आपणहून सांग. चित्रं विकायला ठेवणारा कुणी लिडबरीत असेल तर त्याला उत्तेजन दे. गोष्ट जुनी व्हायला लागली असं दिसलं तर तपशील वाढव. मी हंड्यात पडले होते म्हणालीस तरी माझी हरकत नाही. सेलिना आठची आहे. एकवीसची, म्हणजे सज्ञान, होईपर्यंत गोष्ट टिकली पाहिजे. एवढं काम तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमेल असं मला वाटत नाही.

कळावे. लोभ माझ्यावर आणि निंदा चारचौघांत. दोन्ही कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
थिओ